डाव्या मडगार्डावरची डबी

२ मे २०२३, मंगळवार. अहमदपूर

अप्पा हो म्हणाले!

चहा पिता पिता, पेपरातून मान वर न काढता — "मंजुश्री, त्या गाडीचं काय करायचं म्हणत होतीस ते कर." माझ्या हातातली बशी कलंडली. दर उन्हाळी सुट्टीत मी लातूरहून येते, दर सुट्टीत विचारते, आणि दर सुट्टीत एकच उत्तर — हात लावायचा न्हाई. मी पॉलिटेक्निकमध्ये पोरांना इलेक्ट्रिकलची प्रॅक्टिकलं शिकवते आणि घरची अँबॅसेडर बारा वर्षं पत्र्याच्या शेडात उभी. सदुसष्टची गाडी! आणि आज एकदम — कर.

अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बरं हायत ना तुम्ही?" असं त्यांनाच विचारलं तिनं.

डायनमो काढून अल्टरनेटर बसवायचा. दोन फ्यूजच्या जागी नवी फ्यूजपेटी. हॉर्न, पंखा, लाईट सगळ्याला वेगळे रिले. मग मीच चालवणार. दुपारी बॉनेट उघडलं. उंदरांनी घरटं केलंय. सगळ्या वायरींचा रंग एकच झालाय — मातीचा. कुठली कशाची, काही कळत नाही.

३ मे, बुधवार

आज धक्काच बसला. बॅटरीच्या जागेपासून सुरुवात केली, तर अधिकचं टोक बॉडीला, नेहमी असतं तसं उणं नाही! मीटर दोनदा फिरवून बघितला. मला वाटलं मीच उलटी जोडतेय. अप्पा खुर्ची टाकून शेडाच्या दारात बसले होते, ते पोट धरून हसले. "जुन्या गाड्यांला तसंच असतंय. हे न्हाई शिकवत तुमच्याकडं?" न्हाई शिकवत! तशीच नवा अल्टरनेटर लावून मोकळी झाले असते तर बॅटरी जोडताच त्याचा धूर.

मग ठरवलं, आधी प्रत्येक वस्तू ओळखायची, मगच पाना लावायचा. डॉक्टरी चिकटपट्टीचे तुकडे कापले, त्यावर आकडे. १ डायनमो. २ कॉईल. ३ सेल्फचा सॉलेनॉईड. भिंतीवरच्या काळ्या चौकोनी डबीला मी हॉर्नचा रिले म्हटलं — पुन्हा हसू. तो कटआऊट निघाला, डायनमोचा करंट बॅटरीकडं सोडणारा आणि अडवणारा. अप्पांनी तीस वर्षं पंपाच्या मोटारींचं, स्टार्टरचं दुकान चालवलं. बसल्या जागेवरून काठीनं दाखवतात. "ती न्हाई, तिच्या मागची. हां. ब्रेकलाईटचा स्विच."

जानेवारीतल्या छातीच्या ऑपरेशननंतर एवढे खुशीत पहिल्यांदा दिसले.

४ मे, गुरुवार

सोळा वस्तू झाल्या. फक्त एक राहिली.

५ मे, शुक्रवार

ती एक. डाव्या मडगार्डाच्या आतल्या अंगाला, बॅटरीच्या मागं, ॲल्युमिनियमची एक डबी. काडेपेटीएवढी. चार वायरी. कंपनीच्या जुन्या पुस्तकातल्या आकृतीत ती कुठंच नाही. पान पान तपासलं.

"अप्पा, ही कशाची?"

"हॉर्नची असंल."

काठी नाही उचलली. बघितलंसुद्धा नाही. मी डबी सोडवून हॉर्नला बॅटरी दिली. दोन्ही भोंगे ठणठणीत वाजले. म्हणजे हॉर्नची नाही. तसं सांगितलं तर म्हणाले, "मग राहू दे की. खामखा कशाला प्रत्येकाच्या मागं लागतीस." आणि उठून घरात गेले.

टेस्ट लॅम्प लावून वायरीमागं गेले. दोन जाड वायरी थेट हेडलाईटकडं जातात. हेडलाईटचा रिले! म्हणजे लाईटचा सगळा भार स्विचवर आणि जुन्या वायरीवर न टाकता बॅटरीकडून सरळ घेतलाय. मी जे करणार होते तेच कुणीतरी आधी करून ठेवलंय. चांगलं काम आहे. कुणी केलं असेल?

घासलेटानं डबी पुसली. तळाशी ठोकलेले आकडे — २, मग ००. फेब्रुवारी २०००.

ह्याच गाडीचा अपघात डिसेंबर ९९ चा.

असेल. गाडी डेंटिंगला होतीच तेव्हा. गॅरेजवाल्यांनी बसवला असेल. पण मग अप्पा उठून का गेले?

६ मे, शनिवार

उदगीरला जाऊन आले. अप्पांना सांगितलं, अल्टरनेटरचा पट्टा बघायला जाते.

गुरुपादप्पा अजून दुकानात बसतात. आमची गाडी कायम त्यांच्याकडंच. ऐंशीच्या घरात, एका डोळ्यात मोतीबिंदू, वायर बोटांनी ओळखतात. मी डबी हातात दिली. नुसती चाचपली आणि म्हणाले, "विरूपाक्ष अप्पाच्या अँबॅसेडरचा. मीच बसवला न्हवं."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या अप्पानंच. स्वतः घेऊन आलते. म्हणले, लाईटची जुनी वायर बाद कर, ह्याच्यावरून नवी टाक. मी म्हणलं, जुनी काढून फेकतो. तर म्हणले — काढू नको. आतच राहू दे, वरून टेप मार, कुणाला दिसाय नको."

मी विचारलं, जुन्या वायरीला काय झालं होतं?

"भाजल्याली. पार कोळसा. जास्त लोड पडला तर भाजती, नंगी होऊन बॉडीला लागली तरी भाजती. मी काय विचारलं न्हाई. गिऱ्हाईक सांगंल तसं करायचं, अम्मा."

चहा मागवला त्यांनी. मी प्याले का, आठवत नाही. एसटीत बसले तरी तेच डोक्यात. हेडलाईटची वायर भाजलेली होती. हेडलाईटची!

७ मे, रविवार

सकाळी अप्पा देवळात गेल्यावर टेप कापली. कापडी टेप, वर रेझिनसारखी कडक झालेली. आत वायर. वीतभर वरचं रबर जळून तांब्याला चिकटलेलं. आणि त्या वायरीला मध्येच जोड देऊन दुसरी बारीक वायर काढलेली — पिवळी, आमच्या दुकानात स्टार्टर पॅनलला वापरायचो ती. मी त्या वायरीची बंडलं मोजून मोठी झाले. कुठंही ओळखीन.

शेडात खाली बसले.

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

१२ डिसेंबर १९९९. मी पंधरा वर्षांची. मावशीच्या घरचं लग्न, नांदेडला. अप्पा आदल्या दिवशीच पुढं गेले होते. माझी दहावीची सराव परीक्षा म्हणून मी घरी, शेजारच्या काकूंकडं. अव्वा पहाटे पाचला निघाली, गाडीत फक्त ती आणि आमचे ड्रायव्हर शेषेराव. माळाकोळीच्या पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. गाडी मागून तिच्यावर गेली. अव्वा पुढच्या सीटवर झोपलेली. काचेनं डावा डोळा गेला.

शेषेराव पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते — एकदम लाईट गेली, काहीच दिसलं न्हाई. दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगत होते. पोलिसांना सांगत होते. कुणी मानलं नाही. सगळे म्हणाले, झोपला आणि आता लाईटवर ढकलतोय. लायसन गेलं, केस चालली. अहमदपुरात पुन्हा कुणी त्यांच्या हातात गाडी दिली नाही. बायकोला, रेणुकाबाईंना, घेऊन कंधारला निघून गेले. जायच्या दिवशी आमच्या दारात आले होते. मी दार लावून घेतलं. मी! त्यांनी मला सायकल शिकवली होती.

आणि वायर इथं होती. सगळा वेळ इथं होती.

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर अप्पांनी कधी ड्रायव्हर ठेवला नाही. स्वतः चालवायचे, आणि दिवस मावळायच्या आत घरी. आम्हाला वाटायचं, अव्वाच्या काळजीनं.

८ मे, सोमवार

बॉनेट बंद. अप्पा दोनदा शेडाच्या दाराशी आले आणि परत गेले.

९ मे, मंगळवार

विचारलं. वायरीचा तुकडा पेपरावर ठेवला, त्यांच्यासमोर.

मला वाटलं होतं ओरडतील, नाहीतर नाही म्हणतील. त्यांनी चष्मा काढला. "सापडली," म्हणाले. बस.

मग आपोआप बोलत गेले. लग्नाला जायचं म्हणून आठवडाभर आधी पुढच्या बंपरला दोन पिवळ्या लाईटी लावल्या होत्या. स्वतःच. दुकानातली वायर घेऊन, हेडलाईटच्या वायरीलाच जोड मारून. शेषेराव म्हणाले होते, अप्पा, गुरुपादप्पाकडून करून घेऊ, फ्यूज टाकून. "मी म्हणलं, तू मला वायरिंग शिकवतो का? तालुक्याच्या मोटारी मी जोडतो."

अपघातानंतर चौथ्या दिवशी पोलीस स्टेशनच्या आवारात गाडी बघायला गेले, बॉनेट वाकवून आत बघितलं. वायर भाजलेली. पिवळ्या लाईटी काढून पिशवीत घातल्या आणि घरी आणल्या.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं!"

"तिथंच कळलं. शेषेराव खरं बोलतोय. म्हणून तर ती वायर फेकवली न्हाई."

"आणि तुम्ही गप्प बसलात? तेवीस वर्षं?"

"तुझी अव्वा दवाखान्यात पट्टी बांधून पडलेली. तिला काय सांगू? तुझा डोळा मी घालवला?"

मी काय काय बोलले, इथं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, मग मला हात का लावू दिलात गाडीला? तर म्हणाले, "ऑपरेशनला नेत होते तवा एकच मनात आलं, हे असंच घेऊन चाललो. तोंडानं सांगायची छाती न्हाई झाली. तुला ओळखू येईल, माहीत होतं."

बाप इतका लहान दिसतो कधी? मला रडूही येईना.

१० मे, बुधवार

अव्वाला त्यांनीच सांगितलं. मी दारात उभी होते. ती तांदूळ निवडत होती. ऐकलं. ताट बाजूला ठेवलं.

"शेषेरावची रेणुका माझे पाय धरून गेली," म्हणाली. "मी पाय काढून घेतले."

डोळ्याबद्दल एक शब्द नाही.

१२ मे, शुक्रवार

दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज. अव्वा वाढते, समोर ठेवते, आत जाते. आज सकाळी अप्पांच्या ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाली, "कंधारला जाऊन या. आल्यावर बोलू."

१४ मे, रविवार. कंधारहून आल्यावर

आधी जसं घडलं तसं.

भाड्याची जीप केली. शेषेरावांचं घर बसस्टँडच्या मागं, पुढं पिठाची गिरणी, मुलगा दयानंद चालवतो. रेणुकाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. हे ऐकून अप्पांनी भिंतीला हात लावला.

दयानंदनं आम्हाला ओळखलं आणि गिरणी बंद केली. तोंडावर पीठ, डोळे लाल. "कशाला आलात?" सरळ विचारलं. "बापाला ह्या गावातबी झोप्या ड्रायव्हर म्हणत्यात. माझ्या लेकराला शाळेत झोप्याचा नातू म्हणत्यात. अजून काय राहिलंय?"

शेषेराव बाजेवर बसले होते. केस पांढरे, अंग वाळलेलं. ज्या चेहऱ्यावर दार लावलं होतं तो शोधत होते मी, सापडेना.

अप्पा पुढं गेले. शहात्तर वर्षांचा माणूस, छातीवर टाक्यांचा व्रण. शेषेरावांच्या पायाशी बसले. खरंच बसले, जमिनीवर. "शेषेराव, लाईट माझ्या वायरीनं गेली. मला तवाच कळलं होतं. तू खरं बोलत होतास. मी लपवलं." वायर खिशातून काढून बाजेवर ठेवली.

दयानंदनं ती उचलली. उलटी-सुलटी करून बघितली. मग मोठ्यानं रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या! दळणाला आलेल्या बायका दारात जमल्या, तर त्यांना दाखवतो — "बगा! बगा ही! माझा बाप खोटं बोलत नव्हता!" पोराला हाक मारली, "इकडं ये, आजोबाच्या पाया पड." गल्लीतली चार माणसं आली, त्यांनाही वायर दाखवली.

शेषेराव नुसतं "उठा अप्पा, उठा" — आणि मान खाली. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, मी दार लावलं होतं, आठवतं का? मान हलवली. "लहान होता तुम्ही, ताई." माझा फोन नंबर मुलाकडून लिहून घेतला, एवढंच.

येताना जीपमध्ये अप्पा झोपले. गाढ. मी त्यांच्याकडं बघत होते. राग आहे अजून. पण आज जे केलं ते कितीजणांना जमेल?

१५ मे, सोमवार

अव्वा अप्पांशी बोलली. अर्धा तास, दार लावून. काय ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर दोघांचे डोळे सुजलेले — तिचा एकच.

१७ मे, बुधवार

काम पुन्हा सुरू. डायनमो आणि कटआऊट निघाले. अल्टरनेटर धरून ठेवायला पट्टी वेल्डिंग करून घ्यावी लागली. बॅटरीचं उणं टोक आता बॉडीला, कॉईलच्या वायरी त्याप्रमाणं बदलल्या. मडगार्डावर नवी फ्यूजपेटी, प्रत्येक वायरीला वेगळा रंग, झाकणाच्या आत यादी चिकटवली. अप्पा आज खुर्ची घेऊन आले, पण काठीनं काही दाखवलं नाही. मी विचारलं तरच सांगतात.

किल्ली दिली. तिसऱ्या वेळेला इंजिन सुरू झालं. बॅटरीवर चौदा व्होल्ट, चार्जिंग बरोबर! लाईट लावली तर भिंत पांढरीफटक. अप्पांनी तिकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

१९ मे, शुक्रवार

सकाळी नऊला फोन. शेषेराव. कुठल्यातरी दुकानातून बोलत होते.

"ताई, पाच दिवस अन्न गोड लागून न्हाई राहिलं. लाईट गेलीच नव्हती. मला डुलकी लागली. ट्रॉली दिसली तवा लाईटीच्या उजेडातच दिसली, लई जवळ. धडकल्यावर धूर निघाला, लाईट गेली. तेच धरून बसलो. अप्पांनी पाय धरले तवा सांगणार होतो. पण दयानंद बघून राहिला होता."

फोन त्यांनीच ठेवला.

अप्पा शेडात होते. जाऊन सगळं सांगितलं, शब्द न् शब्द — वायर भाजली ती धडकेनंतर, बॉडीला लागून. त्यांनी मडगार्डाला धरलं. मला वाटलं छातीत दुखतंय. मग श्वास सोडला — असा श्वास मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"अव्वाला सांगतो," म्हणाले. दोन पावलं गेले, वळले.

"दयानंदला कळता कामा नये."